वय १३, बाक २८ अंश: ब्रेस लावावा का, आणि त्यानंतरची वर्षे

सातारा जिल्ह्यातील एका आईने विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते. दिवाळीच्या कपड्यांची मापे घेताना शिंप्याने "हिचा एक खांदा उतरलाय" असे सांगितले, आणि त्यानंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये पाठीच्या वरच्या भागात उजवीकडे २८ अंशांचा बाक दिसला. पाळी सुरू होऊन चार महिने झाले आहेत. रिपोर्टमध्ये 'रिसर १' असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी दिवसाचे १८ तास ब्रेस, म्हणजे धडाभोवती बसणारे कठीण प्लास्टिकचे कवच, लावायला सांगितले, दुसऱ्यांनी "व्यायाम करा, सहा महिन्यांनी बघू" असे सांगितले, आणि नातेवाईक पोहण्याचा व बारला लोंबकळण्याचा सल्ला देत आहेत. मुलगी फारशी बोलत नाही. ब्रेस लावून शाळेत जाणार नाही, एवढेच सांगते. ब्रेसची खरोखर गरज आहे का, शस्त्रक्रिया टळेल का, आणि पुढे लग्न, बाळंतपण, पाठदुखी यांचे काय, हे आईचे प्रश्न आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली २२ वर्षे प्रामुख्याने मणक्याच्या बाकाचे, म्हणजे स्कोलिओसिसचे रुग्ण पाहते. ब्रेस मी बनवत नाही आणि शस्त्रक्रियाही करत नाही, पण या दोन्ही गोष्टी करणाऱ्यांबरोबर रोज काम करते. मुलीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय अंतिम निर्णय कोणीही देऊ नये. तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत स्पष्ट आहे. तिला ब्रेस लावावा, आणि तो याच महिन्यात मोजमाप देऊन करून घ्यावा. "थांबून पाहू" हा सल्ला एरवी चुकीचा नसतो. हाच २८ अंशांचा बाक १७ वर्षांच्या मुलीला असता, तर मीही तेच सांगितले असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र थांबण्यासाठी लागणारे महिने हेच उपचाराचे महिने आहेत.

याचे कारण सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत सगळे लक्ष अंशांच्या आकड्यावर असते आणि त्याच्या शेजारी लिहिलेला 'रिसर' कोणी वाचतच नाही. अंश मोजण्याची पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका घ्यायचा, दोन्हींच्या कडांना रेषा काढायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. दहा अंशांच्या आतल्या वळणाला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. किशोरवयीन मुलांत शंभरात दोन-तीन जणांना दहा अंशांपेक्षा जास्त बाक असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीही कोणत्याही उपचाराची गरज पडत नाही. लहान बाक मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखेच आढळतात. तीस अंशांच्या पुढे गेलेल्या बाकांत मात्र मुलींची संख्या कितीतरी पटींनी जास्त असते.

एकच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांनी मोजली तरी पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, हेही लक्षात ठेवावे. सहा महिन्यांनी २८ चे ३१ झाले म्हणून रडू नका आणि २५ झाले म्हणून पेढेही वाटू नका. मोजणाऱ्याचा हात, दिवसाची वेळ आणि मुलगी कशी उभी राहिली, एवढ्यानेही आकडा हलतो. सहा-सात अंशांपेक्षा जास्त फरक दिसला, तरच बाक खरोखर बदलला असे मी मानते.

'रिसर' म्हणजे शरीराची वाढ किती उरली आहे याची खूण. खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या वयात हाडाची एक पातळ पट्टी बाहेरून आत तयार होत जाते. ती अजिबात नसेल तर शून्य आणि पूर्ण होऊन मूळ हाडाला जुळली तर पाच. तुमची मुलगी एकवर आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात. त्यानंतर वेग मंदावतो, पण वाढ साधारण दोन वर्षे चालू राहते. याचा अर्थ वेगाचा सर्वांत धोक्याचा टप्पा नुकताच सरला आहे, पण वाढ अजून शिल्लक आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, सातशेहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात २० ते २९ अंशांचे बाक 'रिसर ०-१' असताना ६८ टक्के मुलांत वाढले. तेवढेच बाक 'रिसर २ ते ४' असताना केवळ २३ टक्के मुलांत वाढले. अंश तेच असूनही एवढा फरक पडला, तो केवळ उरलेल्या वाढीमुळे.

बाक वाढतो कसा, हे कळले की ब्रेस काय करतो तेही कळते. या आजारात कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती वळतोही. म्हणून बरगड्या एका बाजूला मागे येतात आणि वाकल्यावर पाठीचा तो भाग उंच दिसतो. बाकाच्या आतल्या बाजूला मणक्यांवर दाब जास्त पडतो, दाबाखाली हाड कमी वेगाने वाढते, आणि बाहेरची बाजू मोकळेपणाने वाढत राहते. परिणामी मणका हळूहळू पाचरीसारखा होतो, पाचरीमुळे कल वाढतो आणि वाढलेल्या कलामुळे दाब आणखी एकाच बाजूला जातो. ब्रेस हाडे सरळ करत नाही. वाढ चालू आहे तोवर दाबाची बाजू बदलणे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच वाढ संपल्यावर तोच ब्रेस कितीही तास लावला तरी बाक बदलत नाही, आणि म्हणूनच सहा महिने थांबण्याची किंमत तेराव्या वर्षी वेगळी आणि सतराव्या वर्षी वेगळी असते.

ब्रेसचा उपयोग होतो का, हा प्रश्न कित्येक दशके वादात होता आणि मी शिकत असताना आमच्यातही दोन तट होते. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तो वाद बराचसा मिटला. त्यात १० ते १५ वर्षांची, २० ते ४० अंशांचा बाक असलेली आणि 'रिसर ० ते २' असलेली मुले घेतली होती, म्हणजे नेमकी तुमच्या मुलीसारखी. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश, अशी कसोटी होती. ब्रेस लावणाऱ्यांत ७२ टक्के मुलांना यश आले, न लावणाऱ्यांत ४८ टक्के. ब्रेसमध्ये उष्णता नोंदवणारे छोटे यंत्र बसवले होते, त्यामुळे कोणी प्रत्यक्षात किती तास तो घातला हे लपले नाही. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण ४१ टक्के, तर सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत ९० टक्क्यांच्या वर होते.

यातला ४८ चा आकडाही वाचावा. ब्रेस न लावताही जवळपास निम्म्या मुलांचे ठीक झाले, म्हणजे ब्रेस लावणाऱ्यांपैकी काही मुले विनाकारण तो लावत असतात. ती मुले कोणती, हे आज आधी ओळखता येत नाही. तुमची मुलगी त्यांच्यापैकी असू शकते. तरीही मी माझ्या मुलीसाठी ही जोखीम घेतली नसती, आणि तुम्हालाही घ्यायला सांगणार नाही.

आता तिच्या नकाराबद्दल. इथे मी माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीच्या आईशी अर्धा तास बोलले आणि मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून जमिनीकडे पाहत राहिली. शेवटी मी तिला म्हटले, "लावला नाहीस तर ऑपरेशन करावे लागेल, कळले ना?" ती हो म्हणाली. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा आईने सांगितले की, मुलगी ब्रेस न चुकता घालते. मी ब्रेस हातात घेतला आणि पट्ट्यांच्या वेल्क्रोकडे पाहिले. रोज उघडझाप होणाऱ्या वेल्क्रोत सूत, केस, बनियनचे धागे अडकतात आणि कडा पिसारतात; हा वेल्क्रो दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. ती शाळेत निघताना ब्रेस घालायची, गल्लीच्या टोकाला मैत्रिणीच्या घरी काढून ठेवायची आणि परत येताना पुन्हा घालायची. बाक ११ अंशांनी वाढला होता. मी त्या मुलीला दोष दिला नाही, कारण उपचार तिच्या शरीरावर होता आणि मी बोलले होते तिच्या आईशी.

तेव्हापासून मी तासांचा हिशेब मुलीसमोर कागदावर मांडते. तुम्हीही मांडा. दिवसाचे २४ तास. शाळा आणि जाणे-येणे मिळून सात तास. अंघोळ, खेळ, नाच, सायकल मिळून दोन तास. उरले पंधरा. म्हणजे शाळेत ब्रेस अजिबात न घालताही, घरी आल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त वेळ तो प्रामाणिकपणे घातला, तर अभ्यासात ज्या तासांना चांगले यश मिळाले त्यांच्या पुढे ती जाऊ शकते. अठरा तास लिहून दिलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणी प्रत्यक्षात बाराच्या आसपास घालतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असते. त्यापेक्षा कबूल केलेले आणि पाळलेले पंधरा तास मला जास्त मोलाचे वाटतात. ही तडजोड तिच्या डॉक्टरांना सांगून आणि त्यांची संमती घेऊनच करावी, कारण बाक वाढताना दिसला तर तास वाढवावे लागतील, आणि तेही तिला आजच सांगून ठेवावे. पुष्कळ मुली पहिले दोन-तीन महिने शाळेत नको म्हणतात आणि नंतर एखाद्या मैत्रिणीला स्वतःहून पाठीवर ठोकून दाखवतात. प्लास्टिकचा 'टकटक' आवाज ही वर्गात काही दिवसांची गंमत होते आणि मग विषय संपतो. असे प्रत्येकीचे होत नाही, आणि झाले नाही तरी चालते.

ब्रेस म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गळ्याभोवती कडे असलेला सापळा येतो. तो मिलवॉकी ब्रेस, १९४० च्या दशकातला. आजचा ब्रेस बगलेखालून खुब्यापर्यंत येतो, कठीण प्लास्टिकचा असतो, मापावरून किंवा स्कॅनवरून बनवतात आणि सैल कुडत्याखाली तो सहसा ओळखू येत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा लवचीक 'पोश्चर बेल्ट' म्हणजे ब्रेस नव्हे. तो लावून वर्ष घालवलेल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांनी कष्ट घेतलेले असतात, फक्त चुकीच्या वस्तूसाठी.

पहिले दोन आठवडे कठीण जातात. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडे वाढवत पूर्ण तासांवर यावे. आत बिनशिवणीचा, अंगाला घट्ट बसणारा सुती बनियन घालावा आणि तो ब्रेसच्या खाली सुरकुती न पडता ओढून घ्यावा. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी सुरकुतीमुळेच होतात. ब्रेसमधल्या गादीचा दाब जिथे पडतो तिथे कातडी गुलाबी होणारच. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात गुलाबीपणा गेला तर काळजी नाही; तो टिकला, फोड आला किंवा कातडी सोलली, तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जाऊन तो भाग घासून किंवा गादी बदलून घ्यावी. पावडर आणि तेल लावू नये, घामात त्याचा लगदा होतो. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा बनियन बदलावा आणि ब्रेस आतून ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. जेवताना पोट दाबल्यासारखे वाटते, म्हणून थोडे थोडे खावे. मांडी घालून जमिनीवर बसणे अवघड जाते. पंगतीत तिला खुर्ची द्या आणि त्यावर कोणाला बोलू देऊ नका. शौचाला आणि खेळायला जाताना ब्रेस काढलेला चालतो.

कपड्यांचा प्रश्न मुलींना आकड्यांपेक्षा जास्त छळतो, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तुमच्या मुलीचा बाक शिंप्याच्या लक्षात आला, ही गोष्ट मला मुळीच नवीन नाही. आई तेल लावताना वेणीकडे पाहते, पण खांदा, कंबर आणि पाठ यांची उंची टेप लावून पाहणारा माणूस घराबाहेर तोच एक असतो. चांगला शिंपी लपवूही शकतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली सापडला. त्याच्या कण्याला किशोरवयात सुरू झालेला मोठा बाक होता, साधारण ६५ ते ८५ अंशांचा. नाटकांनी त्याला कुबडा ठरवले; अभ्यासकांच्या मते मात्र बेतून शिवलेले कपडे आणि मापाचे चिलखत यांत तो बाक फारसा दिसला नसता. तो रणांगणावर लढतच मेला. खांद्यातली तफावत भरून काढणारी पातळ गादी, एका बाजूला अर्ध्या इंचाने जास्त ठेवलेली शिवण, पाठीला चुण्या असलेला कुडता, एवढ्याने तेराव्या वर्षी फार फरक पडतो.

व्यायामाचा विषय माझा स्वतःचा आहे, म्हणून त्यातले दावे मी जास्त कठोरपणे तपासते. स्कोलिओसिससाठी खास व्यायाम आहेत. त्यांतली सर्वांत जुनी पद्धत जर्मनीतल्या कॅथरिना श्रोथ यांची. त्यांना स्वतःला बाक होता, किशोरवयात पोलादी ब्रेस घातला होता, आणि आरशासमोर उभे राहून दबलेल्या बाजूत श्वास भरण्याचा सराव त्यांनी स्वतःवरच करून पाहिला. १९२१ साली त्यांनी इतरांना शिकवायला सुरुवात केली. हे व्यायाम मी शिकवते. त्यांनी उभे राहण्याची जाण, श्वास आणि पाठीची ताकद सुधारते, ब्रेसमध्ये स्नायू सैल पडत नाहीत, आणि काही मुलांत बाक वाढण्याचा वेगही कमी होतो. पण वाढत्या वयात, २८ अंशांवर, ब्रेसच्या ऐवजी केवळ व्यायाम करा असे मी कोणालाही सांगत नाही. पोहणे उत्तम व्यायाम आहे, त्याने बाक जात नाही. बारला लोंबकळले की कणा लांब होतो आणि हात सोडले की पूर्ववत होतो. हाडवैद्याकडून मणके 'बसवून' घेणे निरुपयोगी आहे, आणि झटका देऊन केलेले उपचार धोक्याचेही ठरतात. दप्तराच्या ओझ्याने, एका कुशीवर झोपल्याने किंवा पोक काढून बसल्याने हा बाक येत नाही. तिला दिवसभर "सरळ बस" म्हणणे आजपासून बंद करावे. खेळावर कसलीही बंदी नाही. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे आणि शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा त्याचा २००९ चा विक्रम सर्वांना माहीत आहे.

एक तपासणी राहून जाऊ नये. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणे, अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे बरेच डाग, किंवा पाठीच्या वरच्या भागातला बाक उजवीऐवजी डावीकडे असणे, यांपैकी काही असेल तर एमआरआय करून मज्जारज्जू पाहावा लागतो. तुमच्या मुलीचा बाक उजवीकडे आहे आणि तुम्ही दुखण्याचा उल्लेख केलेला नाही, हे बरे लक्षण आहे. धाकटी भावंडे असतील तर त्यांना पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या दोन्ही बाजूंची उंची पाहा. विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आजही पहिली चाचणी आहे, आणि बाक कुटुंबात चालतो म्हणून ती घरातच करावी. एक्स-रे साधारण सहा महिन्यांनी पुरतो. तो उभे राहून आणि पाठीकडून काढावा, म्हणजे वाढत्या स्तनांवर किरण कमी पडतात. टेक्निशियनला हे सांगायला संकोच करू नये.

शस्त्रक्रिया टळेल का? बहुधा टळेल, पण हमी नाही. वाढत्या वयात बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मणक्यांत स्क्रू बसवून, दोन्ही बाजूंना सळ्या घालून, बाकातले मणके एकमेकांशी कायमचे जोडतात. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूतले संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात, आणि या वयात गंभीर मज्जासंस्थेची इजा होण्याचे प्रमाण एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. एक-दोन दिवसांत मुलगी उभी राहते, महिना-दीड महिन्यात शाळेत जाते. ब्रेस लावूनही शस्त्रक्रिया करावी लागली तर ते तिचे किंवा तुमचे अपयश नसते. बाक काही वेळा कशालाच जुमानत नाही. वाढ चालू ठेवून दोरीने बाक ओढणारी एक नवी पद्धत आहे, पण तिच्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण बरेच असल्याने मी तिच्या मागे धावायला सांगणार नाही.

आता पुढच्या वर्षांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली खरी भीती तिथे आहे असे मला वाटते. अमेरिकेतल्या आयोवा येथे उपचार न घेतलेल्या ११७ स्कोलिओसिसग्रस्तांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लोक साठीच्या पुढे पोहोचले होते. त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी नव्हते. बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. पाठदुखी मात्र जास्त होती: दीर्घकाळ दुखत असल्याचे त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांनी सांगितले, तर बाक नसलेल्यांत ३५ टक्के. तरीही दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे सौम्य ते मध्यम होते. छातीच्या भागातला बाक ८० अंशांच्या पुढे गेलेल्यांत धाप लागण्याचे प्रमाण वाढले होते. फुप्फुसे आणि हृदय यांवर गंभीर ताण येतो तो मुख्यतः पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या बाकांत, आणि तुमच्या मुलीचा प्रकार तो नाही.

वाढ संपताना बाक ३० अंशांच्या आत असेल तर तो पुढे सहसा वाढत नाही. छातीच्या भागात ५० च्या पुढे असेल तर वर्षाला साधारण एक अंश या गतीने तो वाढत राहू शकतो. वीस वर्षांत हा हिशेब मोठा होतो, आणि म्हणूनच ५० ही शस्त्रक्रियेची सीमा आहे. मधल्या लोकांनी चार-पाच वर्षांतून एकदा एक्स-रे काढून जुन्या फिल्मशेजारी ठेवून पाहावा.

लग्नाबद्दल माझे मत सौम्य नाही. बाक लपवून जमवलेल्या लग्नानंतर सासरच्या घरात "आधी का नाही सांगितले" हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत राहिलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या दुखण्यात त्या वाक्याचा वाटा पाठीपेक्षा जास्त असतो. मुलगी मोठी झाल्यावर कोणाला, कधी आणि किती सांगायचे ते तिने ठरवावे. पण आई-वडिलांनी आज घरात हा विषय कुजबुजत बोलला, तर ती उद्या तो लाजेचाच मानेल. गर्भधारणेला बाकामुळे अडथळा येत नाही. गरोदरपणात पाठ थोडी जास्त दुखू शकते. तिच्या मुलांना बाक होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी जास्त असते, म्हणून त्यांना दहाव्या वर्षापासून वाकवून पाहावे, एवढेच. कमरेच्या मणक्यांपर्यंत शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते. अशा स्त्रीने आपले एक्स-रे घेऊन भूलतज्ज्ञांना सातव्या-आठव्या महिन्यातच भेटावे, कळा सुरू झाल्यावर नाही.

तिशी-चाळिशीत माझ्याकडे येणाऱ्यांत बाक किती आहे यापेक्षा ती व्यक्ती किती हलते, यावर दुखणे जास्त ठरते. दिवसभर संगणकासमोर बसणारी २५ अंशांची अभियंता आणि रोज भाजीची पाटी उचलणारी ४० अंशांची विक्रेती, यांत दुसरी कमी तक्रार करते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. वजने उचलण्याचा व्यायाम घाबरून टाळू नये. नीट शिकून, हळूहळू वाढवत केलेला तोच व्यायाम प्रौढपणी पाठीला सर्वांत जास्त सांभाळतो. या मुलींत हाडांची घनता काहीशी कमी आढळते, म्हणून दूध, नाचणी, ऊन आणि पाळी जाण्याच्या वयात हाडांची तपासणी याकडे लक्ष असावे. साठीनंतर कमरेचा भाग झिजून चालताना पायात गोळे येऊ लागले आणि बसल्यावर थांबू लागले, तर तो मज्जातंतूंवरचा दाब असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीची हॅरिंग्टन सळी बसवलेल्या काही जणी आज पुढे झुकून चालतात, कारण त्या सळीने कमरेची नैसर्गिक खोली सपाट झाली. त्यांनी "आता वय झाले" म्हणून गप्प न बसता मणक्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे.

आता या महिन्यात करायचे ते. एक्स-रेची मूळ फिल्म किंवा सीडी जवळ ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. ब्रेसचे माप द्यायला जाल तेव्हा प्लास्टिकचा रंग आणि नक्षी तिला निवडू द्या. बनवणारे दोन-चार नमुने दाखवतात. पट्ट्या पाठीमागे असतील तर पुढे घेता येतील का ते विचारा, म्हणजे ब्रेस घालायला आणि काढायला तिला कोणाची गरज पडणार नाही. किती घट्ट बांधायचे त्याची खूण पट्टीवर पेनने करून घ्या. सुमारे महिनाभराने ब्रेस अंगावर असतानाच एक एक्स-रे काढतात. त्यात २८ चे १४-१५ च्या आसपास दिसले तर ब्रेस चांगला बसला आहे. २४-२५ दिसले तर मुलीला काही बोलू नका. ब्रेस परत नेऊन गाद्या बदलून घ्या आणि पुन्हा एक्स-रे मागा.